डावीकडून तिसरी

"बेटा, या फोटोत डावीकडून तिसरी उभी आहे, ती मुलगी कोण?"

मेसेज आला तेव्हा मी गच्चीवर हरभरा सोलत बसले होते. संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. आई खाली मशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होती, मशीनचा आवाज वरपर्यंत येत होता. हरभऱ्याची आंब बोटांना लागली होती म्हणून मी करंगळीनं मेसेज उघडला. नाव होतं विलास, आडनावाच्या जागी नुसतं टिंब. त्याच्या फोटोत मोटारसायकलवर बसलेला एक माणूस आणि त्याच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर, दोन वेण्या घातलेली चार-पाच वर्षांची पोरगी.

अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही एवढं मला कळत होतं. मी फोन खाली ठेवला. मूठभर घाटे सोलून होतात न होतात तोच दुसरा मेसेज आला.

"माफ कर. तुला घाबरवायचं नव्हतं. ती माझ्या मुलीसारखी दिसते. दोन वर्षं झाली, मी तिला पाहिलं नाही."

मी हात ओढणीला पुसले आणि मोटारसायकलवरच्या पोरीचा चेहरा बोटांनी मोठा केला. तिच्या उजव्या भुवईत एक खाच होती. माझ्या वर्गातल्या कादंबरीच्या भुवईत तशीच खाच होती.

मी तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. आम्ही फलटणला राहायचो. बाबा वीज मंडळात लाइनमन होते. मी आठवीत असताना एका दुपारी खांबावर चढले आणि तिथेच गेले. त्यांच्या जागेवर आई ऑफिसात शिपाई म्हणून लागली, आणि बाबांचा फोन माझ्याकडे आला. आईला बोलण्यापुरता साधा फोन पुरत होता. बाबांच्या फोनवर मी अकाऊंट काढलं हे तिला माहीत होतं. त्यात काय काय करता येतं ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं म्हणा.

कादंबरी आमच्या वर्गात नववीत आली, तीही अर्ध्यातच, ऑगस्टमध्ये. पुण्याहून आलो असं सांगायची. पण बोलता बोलता "तू काय करून राहिली?" असं तिच्या तोंडून निघायचं, पोरी हसायच्या, आणि ती स्वतःच दचकून गप्प व्हायची. हजेरी घेताना बाई आम्हा सगळ्यांची आडनावं घ्यायच्या, तिला मात्र नुसतं 'कादंबरी' म्हणायच्या. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, कारण वर्गात दुसरी कादंबरी नव्हती. ती आणि तिची आई आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायच्या. काकू एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होत्या. फार कमी बोलायच्या. भर उन्हाळ्यातही गळ्याशी बंद आणि मनगटापर्यंत बाह्या असलेलं पोलकं घालायच्या.

आम्ही एका बाकावर बसायचो. भूमितीची सिद्धता मला कधी जमायची नाही, ती मला समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायची. बाबांच्या वर्षश्राद्धाला ती सकाळीच आली आणि कुणी न सांगता चुलीपाशी बसून पोळ्या लाटू लागली. जाताना मला म्हणाली, "रडायचं असेल तर माझ्याकडे येऊन रड. तुझ्या आईसमोर नको रडू, तिला अजून त्रास होते." एवढी जवळची होती.

पण फोटो म्हटलं की ती उठून जायची. वाढदिवस असो, सहल असो, कुणी फोन वर धरला की कादंबरी पाठमोरी. पोरी म्हणायच्या, स्वतःला फार समजते. गॅदरिंगमध्ये आम्ही नाच बसवला तेव्हा स्टेजवर यायला ती तयारच झाली नाही, पण आम्हा सगळ्यांच्या नऊवाऱ्या तिनं नेसवल्या, अंबाडे घातले. तयार झाल्यावर आम्ही सहाजणी भिंतीशी ओळीत उभ्या राहिलो, आणि मी दुसऱ्या वर्गातल्या पोरीच्या हातात फोन दिला. कादंबरी माझ्या खांद्याला पिन लावत होती. पोरीनं बटण दाबलं तेव्हा तिनं नेमकं वर पाहिलं होतं.

"माझा फोटो टाकू नको," ती लगेच म्हणाली.

"अगं, माझं अकाऊंट प्रायव्हेट आहे. फक्त ओळखीचे बघतात."

"तरी नको टाकू."

"बरं बाई, नाही टाकत."

त्या फोटोत मी छान दिसत होते. तेवढंच कारण होतं. वर्गातल्या पोरींमध्ये तेव्हा कुणाच्या फोटोला किती लाइक याची चढाओढ चालायची, आणि त्यासाठी मी महिन्यापूर्वीच माझं अकाऊंट सगळ्यांना दिसेल असं करून ठेवलं होतं. कादंबरीचा चेहरा कापायचा तर माझा खांदा कापला जात होता. मी फोटो तसाच टाकला. खाली शाळेचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, आणि सगळ्यांची नावं डावीकडून क्रमानं लिहिली. कादंबरीकडे फोन नव्हता. तिला कळणार नव्हतं.

त्या रविवारी मी उत्तर दिलं, "तुम्ही तिचे कोण?"

"बाप आहे गं तिचा."

त्यानं पत्ता विचारला नाही. हे मी नंतर पोलिसांनाही सांगितलं, आणि त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. पहिल्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, की ती जेवते का नीट, अभ्यासात कशी आहे. मी सांगितलं, भूमितीत तिला पैकीच्या पैकी पडतात. त्यावर त्यानं एक आवाजी मेसेज पाठवला. मी तो कानाला लावून ऐकला. आधी नुसता श्वास, मग एक मोठा माणूस हुंदका गिळतोय तसा आवाज. "माझ्यावर गेली," असं म्हणाला.

मग रोज शाळेतून आले की त्याचे मेसेज असायचे. कादंबरीचे लहानपणचे फोटो असायचे. एकात ती बैलपोळ्याच्या मातीच्या बैलाला घास भरवतेय, एकात बापाच्या चपला घालून उभी. तो लिहायचा, तिची आई भांडून निघून गेली, पोरीला घेऊन गेली, पोरीच्या मनात माझ्याविषयी काही बाही भरवलं. मी सगळीकडे शोधलं. तिचं नाव सहसा कुणाचं नसतं म्हणून रोज ते नाव टाकून बघतो. शेवटी तुझ्या फोटोखाली दिसलं.

एकदा त्यानं विचारलं, "तुझे बाबा काय करतात?"

मी लिहिलं, "वारले."

मग आलं, "मग तुला मी काय सांगू बेटा. तुला सगळं कळतं."

मला खरंच वाटलं, की मला सगळं कळतं.

"कादंबरीला एवढ्यात बोलू नको," त्यानं लिहिलं. "आईला सांगेल, आणि ती बाई तिला घेऊन आणखी कुठे निघून जाईल."

मी बोलले नाही. पण राहवतही नव्हतं. बुधवारी मधल्या सुट्टीत डबा खाताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझे बाबा कुठे असतात गं?"

तिनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाली, "वारले."

"कधी?"

"झाले दिवस."

"कशानं?"

"तू कशाला विचारून राहिली?" ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, आणि तिच्या तोंडून तसं निघालं याची तिला शुद्धही नव्हती.

मला इतका राग आला की माझ्या कानांत आवाज यायला लागला. माझे बाबा खरोखर गेले होते. त्यांना खांबावरून उतरवलं ते मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं होतं. आणि हिचा बाप जिवंत, रोज हिचं नाव शोधतोय, रडतोय, आणि ही पोळीचा तुकडा गिळून खुशाल वारले म्हणते! त्या दिवशी मी तिच्याशी पुन्हा बोलले नाही. घरी आले, दप्तर टाकलं आणि लिहिलं:

"उद्या पाच वाजता आमची शिकवणी सुटते. कर्णे सरांची. पाण्याच्या टाकीजवळ. ती सायकलवर येते."

उत्तर लगेच आलं. "देव तुझं भलं करो."

गुरुवारी पाच वाजता ऊन उतरलं होतं. शिकवणीच्या दारात पोरांची सायकली काढायची गडबड चाललेली. टाकीच्या सावलीत एक पांढरी गाडी उभी होती आणि तिला टेकून तो. फोटोतल्यापेक्षा थोराड, केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मी त्याला लगेच ओळखलं. मी कादंबरीच्या मागे दोन पावलांवर होते. तिचं तोंड बघायला मिळावं म्हणून मी मुद्दाम बाजूला सरकले.

ती थांबली. सायकलचं हँडल तिच्या हातात होतं, ते तिनं सोडलं नाही. रडली नाही, ओरडली नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मोठी झाली ना गं," तो म्हणाला. "ओळखलं का बापाला?"

"हो."

"आई कुठे आहे तुझी?"

मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला वाटलं, तिला सगळ्या जगात पहिल्यांदा मला सांगायचंय, हे बघ माझे बाबा. मी हसले. हो, मी हसले तिच्याकडे बघून.

तिनं सायकल स्टँडवर लावली. दप्तर काढून माझ्या हातात दिलं. मग त्याच्याजवळ गेली आणि आमच्यासमोर कधी बोलली नव्हती तशा तिच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "आई नागपूरला गेली, मामाकडे. मी इथं बाईंच्या घरी राहते. चला ना बाबा. मले तुमच्यासंग यायचं आहे. आत्ताच चला."

"अशीच? कपडेलत्ते?"

"काही नको. चला. आपण आईले आणायला जाऊ."

तिनं स्वतःच्या हातानं गाडीचं दार उघडलं. त्यानं मिठाईचा पुडा माझ्या हातात दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी टाकीला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागली. मी मिठाई घेऊन उभी होते. आई नागपूरला कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही असं नाही. सकाळीच काकूंना नळावर पाहिलं होतं. पण मला वाटलं, बापाकडे जायची घाई झालीय पोरीला, आईला मध्ये आणायचं नाहीये.

सातच्या सुमाराला काकू आमच्या दारात आल्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, दवाखान्याचा हिरवा डगला अंगावर तसाच होता.

"कादंबरी आहे का गं इथे? घरी नाही. सायकल टाकीपाशी दिसली."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी पुडा पुढे केला. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य होतं ते. "काकू, तिचे बाबा आले होते. ती त्यांच्यासोबत गेली."

काकूंनी दाराची चौकट धरली.

"रागावू नका," मी घाईघाईनं म्हटलं. "ते खूप चांगले आहेत. दोन वर्षं शोधत होते. आणि तिला कुणी ओढून नेलं नाही, आपणहून गेली ती. उलट तीच म्हणत होती, लवकर चला, लवकर चला."

"त्यानं माझं विचारलं?"

"विचारलं. पण ती म्हणाली, आई नागपूरला गेली. तिकडेच गेलेत ते, तुम्हाला आणायला."

काकू खाली उंबऱ्यावर बसल्या. आईनं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग त्यांनी डगल्याची वरची बटणं काढली, पोलक्याचे दोन हूक काढले आणि गळ्याजवळचं कापड बाजूला केलं. हनुवटीखालपासून खांद्यापर्यंत कातडी वितळून गोळा झाली होती, आणि तिथे गळा आणि खांदा असं वेगळं काही उरलं नव्हतं.

"त्यानं रॉकेल ओतलं तेव्हा ती दारात उभी होती," काकू माझ्या आईला म्हणाल्या, मला नाही. "बारा वर्षांची. तिनं गोधडी टाकली माझ्या अंगावर. कोर्टात साक्ष तिनं दिली. तरी तो सुटला. सुटल्या दिवशी सांगून गेला, की तुला शोधून पुरी करीन. आम्ही तीन गावं बदलली." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तो तिच्यासाठी नाही आला, ताई. माझ्यासाठी आला. आणि ती त्याला घेऊन गेली."

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं मारेल. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "फोन दे."

पोलीस ठाण्यात एक हवालदार बाई होत्या, शेवाळे नावाच्या. त्यांनी मला समोर बसवलं आणि जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली. बाबांचा फोन माझ्या हातात दिला. "तू वाच. पहिल्यापासून. मी लिहिते."

मी वाचलं. त्याचं एक, माझं एक. माझ्या आईसमोर, काकूंसमोर. 'ती जेवते नीट.' 'भूमितीत पैकीच्या पैकी.' 'तिची आई दवाखान्यात असते दिवसभर.' हे वाक्य मी लिहिलं होतं हे मला आठवतही नव्हतं. काकूंनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. 'पाण्याच्या टाकीजवळ' या शब्दांपाशी मी थांबले. शेवाळेबाई म्हणाल्या, "वाच. अर्धं सोडता येत नाही."

वाचून होत होतं तेवढ्यात फोन हातात थरथरला. नवा मेसेज होता.

"बेटा, कादंबरीला बरं वाटत नाही. आईची आठवण काढते. घरचा पत्ता सांग पटकन."

मी तो मोठ्यानं वाचला. मग काकू म्हणाल्या, "तिनं सांगितला नाही."

त्याला कळलं होतं. वाटेत त्यानं नागपूरला मामाला फोन लावला असणार. आता तो गाडी मागे फिरवू पाहत होता आणि पत्ता त्याला मिळत नव्हता, आणि गाडीत त्याच्या शेजारी ती एकटी होती.

शेवाळेबाई उठून माझ्यामागे उभ्या राहिल्या. "लिही, की तू पाहुण्यांकडे आहेस. घर क्रमांक माहीत नाही, आईला विचारून सांगते. रोज लिहितेस तसंच लिही. त्याला बोलतं ठेव."

मी लिहिलं. अक्षरं चुकत होती, ती खोडून पुन्हा लिहीत होते. तो विचारत राहिला, मी टोलवत राहिले. आता आई जेवतेय, आता आई शेजारी गेलीय. त्याच्या प्रत्येक मेसेजमध्ये 'बेटा' होतं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी साताऱ्याला फोन करून त्याच्या नंबराचा ठावठिकाणा काढत होतं. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मला एक शब्दही बोलल्या नाहीत.

कादंबरी सापडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, बीडच्या अलीकडे. खरं तर ती सापडली नाही, तिनं स्वतःच सुटका करून घेतली. पेट्रोल पंपावर त्यानं गाडी थांबवली, आणि शेजारी एसटी उभी होती. ती धावत जाऊन एसटीत चढली आणि कंडक्टरच्या कमरेला मिठी मारून बसली. कंडक्टर बाई होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. दार लावलं, दोनदा बेल मारली, आणि ड्रायव्हरला सांगून बस सरळ पोलीस चौकीत नेली, सगळ्या प्रवाशांसकट. हे आम्हाला शेवाळेबाईंनी सांगितलं. कादंबरीचा डावा हात कोपरात मोडला होता. रात्री कधीतरी, गाडीतच. तिनं पत्ता सांगितला नव्हता.

त्याला संध्याकाळी पकडलं.

आठवड्यानं मी त्यांच्या खोलीवर गेले. आई म्हणाली होती, जाऊ नकोस, पण तिचं दप्तर अजून माझ्याकडे होतं. दार उघडंच होतं. काकू दवाखान्यात पगाराचं बोलायला गेल्या होत्या. कादंबरी एका हातानं भांडी पोत्यात भरत होती. दुसरा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. ओठाजवळ पिवळट पडलेला डाग होता.

मी दप्तर ठेवलं. "कुठे चाललात?"

तिनं उत्तर दिलं नाही. बरोबरच होतं, पण मला ते तेव्हा लागलं.

"परीक्षा महिन्यावर आलीये गं."

"हो."

"पण त्याला तर पकडलंय ना?"

"सुटेल. मागच्या वेळी पण पकडलं होतं."

मी तिथेच उभी राहिले. पातेलं पोत्यात जात नव्हतं, मी पोत्याचं तोंड धरलं. तिनं धरू दिलं. थोडा वेळ आम्ही दोघींनी मिळून भांडी भरली.

"मी फोटो काढून टाकला," मी म्हटलं. "अकाऊंटही बंद केलं."

"बरं."

"मला वाटलं होतं, की... ते रडत होते गं. माझे बाबा नाहीत म्हणून मला..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तो रडते तेव्हा कुणालाही तसंच वाटते. मलेही वाटते."

ती आता आपलं बोलणं लपवत नव्हती.

मग मी ते विचारलं. आजही मला माझ्या आवाजातली तक्रार ऐकू येते. "तू मला सांगितलं का नाहीस? मी काय परकी होते? कारण माहीत असतं तर मी कधी तो फोटो टाकला असता का?"

कादंबरीनं हातातली वाटी खाली ठेवली.

"नको म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली. "नको म्हटल्यावर कारण पण सांगावं लागते का?"

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. मी ती वाटी उचलून पोत्यात घातली, आणि ती पुन्हा पोत्याकडे वळली. जरा वेळानं म्हणाली, "तू जा आता. आई येईल. तिला तू दिसायला नको."

शनिवारी सकाळी खोलीला कुलूप होतं. घरमालकांना त्या कुठे गेल्या ते माहीत नव्हतं, आणि शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला विचारूच दिलं नाही. वर्गात काही दिवस कुजबुज झाली. मग परीक्षा आली. भूमितीत मला चांगले मार्क पडले. मे महिन्यात शेवाळेबाई बाजारात भेटल्या, त्यांनी आईला हळूच सांगितलं, त्याला जामीन मिळाला. आई घरी येऊन देवापाशी बसून राहिली. मला ओरडली मात्र कधीच नाही. बाबांचा फोन तिनं कपाटात, बाबांच्या कपड्यांखाली ठेवून दिला आणि मला तो पुन्हा मिळाला नाही, मीही मागितला नाही.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. मागच्या वर्षी, मला तिसरा महिना चालू असताना, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हर्षद, माझा नवरा, मला स्कूटरवर लॅबमध्ये घेऊन गेला आणि आत बाकावर बसला. माझा नंबर आला. खुर्चीत बसले, हात टेबलावर ठेवला, आणि समोर मास्क लावलेली जी मुलगी सुई काढत होती तिनं वर न बघता विचारलं, "पूर्ण नाव?"

मी नाव सांगितलं. आडनाव लग्नानंतरचं, मधलं नावही आता बाबांचं नव्हतं, पण पहिलं नाव तेच आणि आवाज माझाच होता. तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. मास्कच्या वर, उजव्या भुवईत, तीच खाच होती.

मी काही बोलले असते. तोंड उघडलंही होतं. तिनं मान अगदी जराशी हलवली, नाही अशी. मागे दुसरी एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती.

"मूठ आवळा," कादंबरी म्हणाली.

मी मूठ आवळली. तिनं दंडाला रबर बांधलं. तिचा डावा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नव्हता, पण काम सफाईदार होतं, सुई टोचलेली मला कळलीही नाही. नळीत रक्त चढताना आम्ही दोघीही त्या नळीकडे बघत होतो. तिच्या डगल्यावर बिल्ला होता. बिल्ल्यावर वेगळं नाव होतं.

"पहिलंच?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"हो."

"लोह कमी असेल तर गोळ्या चुकवू नका."

तिनं कापूस ठेवला, माझं बोट उचलून त्यावर टेकवलं आणि क्षणभर तसंच दाबून धरलं. "पाच मिनिटं दाबून धरा. रिपोर्ट मोबाइलवर येईल. परत यायची गरज नाही."

"बरं," मी म्हटलं.

तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

ते शहर कोणतं, हे मी इथे लिहीत नाही. बिल्ल्यावरचं नावही लिहीत नाही. आणि या गोष्टीत मी तिला सुरुवातीपासून ज्या नावानं हाक मारलीय, तेही तिचं नाही. मी ठेवलेलं आहे. तिचं खरं नाव होतं ते त्याहून सुंदर होतं आणि फार कमी मुलींचं असतं.

बाहेर आल्यावर हर्षदनं हेल्मेट माझ्या हातात दिलं. काचेतून त्यानं आम्हाला पाहिलं असावं.

"ओळखीची होती का गं ती?" त्यानं विचारलं.

मी हातावरचा कापूस दाबून धरला होता.

"नाही," मी म्हटलं.